लंकेतल्या विटा

दोन देशांतील राहणीमानाची तुलना निघाली, की गाडी थेट अमेरिकेवर जाऊन थांबते. तेथील पगाराला डॉलरच्या भावाने गुणावे, आलेला आकडा पाहून सुस्कारा सोडावा आणि उरलेला चहा संपवावा, हा क्रम ठरलेला आहे. पहूरसारखे बाजारपेठेचे गावही त्याला अपवाद नाही. या गुणाकारात तेथील घरभाडे व औषधपाणी धरलेले नसते, हे एक वेळ सोडून देता येईल. परंतु ज्या देशाची सुरुवातच निराळी, त्याच्याशी ताडून पाहण्यात शिकण्यासारखे थोडेच उरते.

तुलना करावयाची तर ती श्रीलंकेशी करावी. लंका पहूरकरांना परकी नाही. काही कोसांवरील अजिंठ्यात, १७ क्रमांकाच्या लेण्यात, सिंहल लंकेत उतरल्याची कथा भिंतभर रंगविलेली आहे. दोन्ही देश इंग्रजी अंमलाखालचे, आणि सहा महिन्यांच्या आत स्वतंत्र झालेले. मात्र लंकेने १९४५ सालीच शिक्षण विद्यापीठापर्यंत विनाशुल्क केले आणि १९५१ पासून सरकारी रुग्णालयांतील उपचारही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात १९३ देशांमध्ये लंका ८९ वी आहे, भारत १३० वा. तेथील सरासरी आयुर्मान साडेसत्याहत्तर वर्षे, येथील ७२.

लंका लहान, तिचे दरडोई उत्पन्नही अधिक, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण पुरेसाही नाही. भारतात २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. लंकेत हे प्रमाण तिशीच्या आसपास होते. परंतु त्याच काळात केरळचा आकडा १९ होता, महाराष्ट्राचा ३३ आणि आसामचा १९५. म्हणजे अंतर केवळ दोन देशांमधले नाही, ते एकाच देशाच्या पोटात आहे. महाराष्ट्राचे ३३ हेही मुंबई-पुण्यासह काढलेले. अडलेल्या बाईसाठी मध्यरात्री जीप शोधणाऱ्या घराला ही सरासरी कोणता दिलासा देणार? त्या घराचा प्रश्न साधा असतो: दवाखाना किती दूर, आणि तेथे या वेळी डॉक्टर आहे काय?

लंकेचे २०२२ साली काय झाले, हे येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही. एप्रिलमध्ये तिने परकीय कर्जाची फेड थांबविली, औषधे मिळेनाशी झाली, जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. फुकट शाळा-दवाखान्यांनी तिला बुडविले, असे म्हणणाऱ्यांनी सनावळी पाहावी. त्या शाळा पाऊणशे वर्षे चालू होत्या. करांतील भरमसाट कपात २०१९ अखेरची आणि रासायनिक खतांवरील बंदी २०२१ ची. पेरणीच्या तोंडावर खत मिळेनासे होणे म्हणजे काय, हे खानदेशातील कापूस उत्पादकाला समजावून सांगावे लागत नाही. अर्थात, तिजोरी रिकामी असेल तर मोफत रुग्णालयाची नुसती इमारत उरते, हेही लंकेनेच दाखविले.

आणि काही गोष्टी कोणत्याच अहवालात बसत नाहीत. पाचोरा ते जामनेर धावणारी अरुंद मार्गाची गाडी पहुरावरून जात असे. ती संथ होती, तिची थट्टाही पुष्कळ झाली. पण विद्यार्थ्याला आणि कारकुनाला तिचे भाडे परवडे. २०२० साली ती थांबली. त्यामुळे कोणाचा पगार घटला नाही, दरडोई उत्पन्नाचा आकडा हलला नाही. महाविद्यालयाला जाणाऱ्या मुलीच्या घरी मात्र महिन्याच्या प्रवासखर्चाचा हिशेब पुन्हा मांडावा लागला, आणि असा हिशेब मांडताना पहिली काट कोणाच्या शिक्षणावर बसते, हे गावातील शिक्षकांना पटावरच्या नावांवरून कळते.