डबा तसाच परत आला, तर विचारा



लातूरच्या ट्यूशन एरियातल्या रूमवरून दुपारी रिकामे डबे गोळा करणाऱ्या मेसच्या मावशींना एक गोष्ट सगळ्यांच्या आधी कळते : कुणाचा डबा पुसून खाल्लेला आहे आणि कुणाचा उघडलेलाही नाही. एक दिवस तसाच आला, तर भाजी आवडली नसेल. सलग चार दिवस आला, तर दोष भाजीचा नाही. गावाकडच्या आईला हे कळायला महिना लागतो. ती फोनवर "जेवलास का?" विचारते आणि लेकरू "हो" म्हणतं. दोनशेच्या बॅचमधली मागची रांग सरांना दिसत नाही. म्हणून हे आवाहन आम्ही आधी मावशींना करतो आहोत, मग बाकी सगळ्यांना.

'लातूर पॅटर्न'ने आपल्या शहराला नाव दिलं. दहावीचा निकाल लागला की नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची लेकरं गादी, बादली आणि पुस्तकांची पेटी घेऊन इथे उतरतात. वय पंधरा-सोळा. गावच्या शाळेत जो पहिला होता, तो इथल्या पहिल्या टेस्टमध्ये शंभरावा येतो. सोयाबीन विकून बापाने भरलेली फी त्याला रोज आठवते. हरल्याचं सांगायचं कुणाला? रूम पार्टनरही त्याच रँकसाठी झुरत असतो.

हिशेब करून बघा. 2024 साली 23 लाखांहून अधिक मुलांनी 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली. त्या वर्षी देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. म्हणजे बहुतेकांना जागा मिळणार नाही, हे परीक्षेआधीच ठरलेलं असतं. तो गणिताचा निकाल आहे. पण लेकरू तो स्वतःच्या लायकीचा निकाल समजतं, आणि आपण चौकाचौकात फक्त निवडलेल्यांचे फ्लेक्स लावून त्याचा समज पक्का करतो.

2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. देशाची ही सरासरी धरली, तरी दोनशेच्या बॅचमध्ये चौदा-पंधरा लेकरं होतात. ती रडत बसलेली दिसतीलच असं नाही. या वयातलं दुःख पुष्कळदा चिडचिड होऊन बाहेर पडतं. टेस्टच्या सकाळी पोट दुखतं, रात्रभर झोप नसते, आंघोळ टळते, घरचा फोन उचलला जात नाही. एखादं लेकरू आवडती वस्तू दुसऱ्याला देऊन टाकतं, "मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल" असं हसत बोलून जातं. ते हसण्यावारी नेऊ नका.

समुपदेशक म्हटलं की आपल्याकडे लगेच "पोराला वेड लागलं का?" असा प्रश्न येतो. समुपदेशक भाषण देत नाही आणि कुणाला वेडं ठरवत नाही. तो ऐकतो, गुंता सोडवायला मदत करतो, औषधाची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. जिवाला धोका नसेल, तर सांगितलेलं सहसा त्याच्यापाशीच राहतं. पण तिथवर लेकराला नेणारं माणूस लागतं. ते माणूस आपण व्हावं, एवढंच मागणं आहे.

मेसचालक, घरमालक, रिक्षावाले काका, अभ्यासिका चालवणारे दादा-ताई : तुम्हाला उपचार करायचे नाहीत, विचारायचं आहे. "किती मार्क पडले?" हे सोडून "दोन दिवस दिसला नाहीस बाळा, बरा आहेस ना?" एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. शंका दाट असेल, तर "मरणाचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून जीव हलका होतो. उत्तर "हो" आलं, तर त्याला एकटं सोडू नका. घरी कळवा आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे सोबत जा.

क्लासचालकांनो, जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचना तुम्हालाही लागू आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील, तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मार्कांवरून बॅचेस पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये, मदतीचे क्रमांक ठळक लावावेत. समुपदेशक नेमाल, तेव्हा फी वसुलीचं काम त्याच्या गळ्यात घालू नका. लेकरं त्याच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाहीत.

पालकहो, रविवारी भेटायला याल, तेव्हा पहिला अर्धा तास अभ्यासाचं नाव काढू नका. नीटशिवाय दुसरा रस्ता कोणता, हे परीक्षेच्या आधी घरात मोकळेपणाने बोला. निकालानंतर काढलेला तोच विषय लेकराला सांत्वन वाटतो, आधी काढलेला आधार वाटतो. आणि "परत ये" म्हणायची वेळ आली, तर लोक काय म्हणतील याचा विचार करू नका.

आणि लेकरांनो, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022पासून चालू आहे. रात्री दोनलाही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या कुठल्याही मुला-मुलीला 1098वर चाइल्ड हेल्पलाइनची मदत मिळते. घरात, रूमवर, क्लासमध्ये कुणी त्रास देत असेल, तरी हाच क्रमांक. काय बोलावं सुचत नसेल, तर "मला बरं वाटत नाहीये" एवढंच म्हणा. पुढचं विचारायचं काम त्यांचं.

शेवटी एक साधं काम. मेसचालकांनी प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवावी : 14416, 1098, आणि खाली मावशींचं एक वाक्य : "जेवलं नाहीस तर मी विचारणार आहे." छपाईचा खर्च आम्ही करू. झाकण रोज दोनदा उघडतं. ते ज्या दिवशी उघडणार नाही, त्या दिवशी मावशींनी जिना चढून वर जावं.

आपलेच,
लातूरमधील काही शिक्षक, डॉक्टर आणि पालक