बर्फातला कालथा

मराठी माणसाचे बर्फाशी नाते उसाच्या रसाच्या ग्लासापुरते. म्हणून की काय, आकाशातून पिसासारखा उतरतो तोही आपल्याला बर्फ आणि कारखान्यात लादी पाडून भुशात गुंडाळतात तोही बर्फच. 'हिम' हा शब्द आपण कवींना आणि भूगोलाच्या पुस्तकांना देऊन मोकळे झालो. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला ही गरिबी नुसती खुपते. स्की विकत घ्यायला निघालेल्या माणसाला ती महागात पडते. कारण स्की निवडायची ती बर्फाचा पोत पाहून. यंत्राने दाबून गालिच्यासारखा केलेला बर्फ वेगळा, दिवसा वितळून रात्री काचेसारखा गोठलेला वेगळा, वाऱ्याने वर पापुद्रा धरलेला वेगळा. आणि नुकताच पडलेला, कोरडा, फुंकर मारली तर उडणारा, तो तर अगदीच वेगळा. या शेवटच्याला साहेब पावडर म्हणतो. मी 'पिठी' म्हणतो. ज्या घरात पिठीसाखर आहे त्या घराला आणखी काही सांगावे लागत नाही.

हा विषय सध्या आमच्या घरात फार तापला आहे. माझा भाचा वय वर्षे सत्तावीस, वजन बासष्ट किलो, पुण्याच्या एका संगणक कचेरीत नोकरी. तीन हिवाळे गुलमर्गला जाऊन तो स्की शिकला. आता भाड्याच्या स्कीवर त्याचे भागत नाही. त्याला स्वतःची हवी, आणि तीही पिठीसाठी आणि मोठ्या पहाडासाठी. मी तिशीत गुलमर्गला चौदा दिवस शिकून आलो आणि अधूनमधून अजून जातो. वासरात लंगडी गाय शहाणी, या न्यायाने घरातला तज्ज्ञ मीच. त्यामुळे "मामा, ही घेऊ का?" हाही फोन मला आणि "दादा, त्याला आवर रे" हाही मलाच.

गुलमर्ग म्हटले की आपल्याला सहलीची बस, भाड्याचे गमबूट आणि दोरीने ओढायची लाकडी घसरगाडी आठवते. पण त्याच गुलमर्गच्या डोक्यावर अफरवतचा पहाड आहे. गंडोलाचा पहिला टप्पा 1998 साली झाला, दुसरा 2005 साली. हा दुसरा टप्पा माणसाला सुमारे 3,950 मीटर उंचीवर नेऊन सोडतो. खाली गाव 2,650 मीटरवर. म्हणजे उभ्या मापाने तेराशे मीटरांचा उतार, आणि त्यातला बराचसा यंत्राचा रोलर कधीही न फिरलेला. जगभरचे शौकीन तिथे येतात ते या पिठीसाठी.

भाच्याने पसंत केलेली स्की 190 सेंटिमीटर लांब आणि बुटाखाली 124 मिलिमीटर रुंद होती. कोणा नामांकित खेळाडूच्या चित्रफितीत त्याने ती पाहिली होती. (पूर्वी मुले नटाचा कोट पाहून कोट शिवत, फरक एवढाच, की कोट माणसाला डोंगरावरून खाली नेत नसे.)

रुंदीचे गणित सोपे आहे. बूट, कपडे, पाठपिशवी धरून भाचा भरतो पंचाहत्तर किलो. नुसत्या बुटांनी पिठीत उभा राहिला तर दर चौरस सेंटिमीटरवर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भार. मांडीपर्यंत आत जाईल. 180 लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद स्की घातल्या की तोच भार ढोबळमानाने 28 ग्रॅम. रुंदी अकरा केली की 19. एवढ्या फरकात माणूस बुडण्याऐवजी तरंगतो.

गंमत अशी की हे साधे गणित स्कीच्या धंद्याला फार उशिरा सुचले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस रूपर्ट हूबर या ऑस्ट्रियन तंत्रज्ञाने ॲटॉमिक कंपनीसाठी दुप्पट लठ्ठ स्की केली, तेव्हा बहाद्दरांनी ती म्हाताऱ्यांची म्हणून हसण्यावारी नेली. मग आला शेन मॅकॉन्की. हा अवलिया म्हणाला, पिठी पाण्यासारखी वागते, तर स्कीने नावेसारखे का वागू नये? 1996 साली अर्जेंटिनात एका गुत्त्यातल्या कागदी रुमालावर त्याने आकृती काढली. 2001 साली अलास्काच्या बर्फावर तो चक्क पाण्यावरच्या स्की बांधून उतरला. आणि 2002 साली त्याच्या कल्पनेतली स्की बाजारात आली. मधे सर्वांत रुंद, टोकांकडे निमुळती, दोन्ही टोके होडीच्या नाळेसारखी वर उचललेली. नाव ठेवले स्पॅच्युला. म्हणजे आपला कालथा! स्वयंपाकघरातला एक शब्द पहाडावर गेला याचा मला भाषेचा शिक्षक म्हणून फार आनंद झाला.

आज दुकानात मिळणारी पिठीची बहुतेक स्की या कालथ्याचे नातवंड आहे. टोके उचललेली, पण बुटाखाली थोडी धनुष्याची कमान ठेवलेली. जोडीचे तळवे एकमेकांना लावून बाजूने पाहावे: मधे फट दिसली तर कमान, टोकांना दिसली तर नाळ. कमान कडक बर्फावर धार रुतवते, नाळ पिठीत तोंड वर ठेवते. दुकानदार पुष्कळ बोलतो. ही फट खोटे बोलत नाही.

मग 124 का नको? कारण मोठा पहाड म्हणजे सगळी पिठी नव्हे. वर माथ्यावर वाऱ्याचा पापुद्रा, मधे पिठी, खाली गावाकडे येताना शेकडो स्कींनी घोटलेला टणक रस्ता. रुंद स्कीची धार पायाच्या हाडापासून लांब जाते. टणक बर्फावर ती उभी करताना गुडघा कुरकुरतो. बीजिंगच्या 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे एकटा उतरलेला काश्मीरचा आरिफ खान ज्या शर्यतीच्या स्कीवर धावतो, तिची कंबर 65 मिलिमीटरच्या आसपास असते, ती काही उगीच नव्हे. शिवाय पिठी दरवर्षी येतेच असे नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग उघडेबोडके पडले होते, आणि 2025 च्या हिवाळी खेलो इंडिया स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. अशा वेळी 124 ची स्की म्हणजे मुंबईत घेतलेला ओव्हरकोट.

बासष्ट किलोच्या मुलाला 106 ते 110 पुष्कळ झाली. लांबी 178 ते 182: नाळेमुळे टोकांचा भाग टणक बर्फाला टेकत नाही, म्हणून उंचीपेक्षा थोडी जास्त घ्यायची, पण 190 नव्हे. फार मऊ नको. वेगात ओबडधोबड बर्फ आला की मऊ स्की थरथरते. गंडोला वर नेणार असल्याने थोडे वजन चालेल. चढायचेच असते तर सल्ला वेगळा दिला असता. बूट आणि स्की जोडणाऱ्या बाइंडिंगची सुटण्याची ताकद मात्र स्वतःच्या वजनाप्रमाणे आणि कसबाप्रमाणे जाणत्याकडून लावून घ्यावी, मित्राचा आकडा उचलू नये. मॅकॉन्की 26 मार्च 2009 रोजी इटलीच्या डोलोमाइट पर्वतात गेला. कड्यावरून स्कीसह झेप घेऊन मग पॅराशूट उघडायचे होते. स्की वेळेवर पायातून सुटली नाही.

इथवर भाचा ऐकत होता. पुढचे त्याला आवडले नाही.

पूर्वी पिठीत उतरायला वर्षानुवर्षे रियाज लागे. ज्याला जमत नसे तो आपोआप खालच्या उतारावर राही. रुंद स्कीने ही चौकी उठवली. तीन हिवाळ्यांचा विद्यार्थीही आज तीव्र उतारावर सुखाने तरंगतो. आणि तीस ते पंचेचाळीस अंशांचा जो उतार स्कीला गोड लागतो, तोच नव्या बर्फाखाली कोसळायलाही सर्वांत तयार असतो. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवतवर हिमप्रपातात पोलंडचे दोघे गेले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी रशियाचा एक. ही नवशिकी सहलीची मंडळी नव्हती. गंडोलाजवळचा मधला पट्टा गस्तीची माणसे पाहतात; त्याबाहेर ज्याचा त्याने.

म्हणून मी भाच्याला सांगितले, "आधी हिमप्रपातात शोध घेणारे यंत्र, लांब सळई आणि फावडे. उरलेल्या पैशांत स्की." त्याने दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी हिशेब पाठवला: 108 ची, 180 लांब, गेल्या मोसमातली, सवलतीत, आणि वरची तिन्ही आयुधे. हिमप्रपाताचा आठवड्याचा वर्गही धरला होता.

बहिणीने तो हिशेब माझ्याकडून समजून घेतला. स्कीबद्दल तिने काहीच विचारले नाही. "हे यंत्र काय करतं रे दादा?"

मी सांगितले, ते 457 किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडते. माणूस गाडला गेला तर वरचा सोबती आपले यंत्र ऐकण्यावर लावून त्याला शोधतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक वाचतात. नंतर आशा झपाट्याने कमी होते.

"म्हणजे दुसऱ्याकडेही पाहिजे?"

"पाहिजेच. आणि वापरताही आलं पाहिजे."

त्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने भाच्याला फोन लावला आणि त्याच्याबरोबर कोण कोण जाणार, त्यांच्यापैकी कोणाकोणाकडे यंत्र आहे, याची नावे एकेक करून कागदावर उतरवून घेतली.