आरोग्याची वाट : लिव्हरच्या गाठीला आतून शेक



एका भगिनीने आम्हाला विचारले आहे : पतीच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे, डॉक्टर 'आतून रेडिएशन' देणार आहेत. हे ऐकल्यापासून सासूबाई मुलाचे ताट-तांब्या वेगळा काढायचे म्हणतात. काय करावे?

ताटाचे उत्तर आम्ही आधी देतो. वेगळे काढू नका. जेवणातून, भांड्यांतून हे कोणाला लागत नाही. आणि वेगळे ताट माणसाच्या मनाचे काय करते, हे आपल्या घरांत कोणाला शिकवावे लागत नाही.

बाहेरून दिला जाणारा शेक पुष्कळांनी पाहिला असेल. पण लिव्हर नाजूक. गाठ मरेल इतका शेक सगळ्या लिव्हरला बाहेरून दिला, तर चांगला भागही निकामी होतो. म्हणून डॉक्टरांनी रक्ताची वाट धरली. लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळते : सुमारे ७५ टक्के आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून, बाकीचे धमनीतून. गाठ मात्र मुख्यतः धमनीवरच पोसते. तेव्हा जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत ती गाठीच्या धमनीपर्यंत नेतात आणि काचेचे किंवा रेझिनचे लाखो मणी आत सोडतात. मणी डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. त्यांत यट्रियम-९० असते. त्याचे किरण सरासरी अडीच मिलिमीटर आणि फार तर ११ मिलिमीटर जातात. त्यामुळे गाठ भाजते, शेजार बराचसा वाचतो. दर ६४ तासांनी किरणांचा जोर निम्मा होतो. अकरा दिवसांत सहा टक्क्यांच्या आसपास उरतो. मणी तिथेच राहतात, ते काढावे लागत नाहीत.

परदेशी मणी फार महाग पडतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असे काचेचे मणी आपल्याकडेच तयार केले, याचे आम्हाला म्हणूनच अप्रूप वाटते. खर्चाचे आधीच इस्पितळातल्या समाजसेवा विभागात विचारा. दागिने विकायची घाई नको.

नळी दोनदा घालावी लागते, म्हणून घाबरू नका. पहिल्या वेळी नुसती चाचणी असते. मणी फुप्फुसात फार जाणार असतील, तर हा उपचार करत नाहीत. कावीळ वाढलेली असेल, पोटात पाणी झाले असेल, तरीही बहुधा नाही म्हणतात. हा उपचार सगळ्यांसाठी नाही आणि गाठ हमखास जाईल असेही कोणी सांगू शकत नाही. नंतर थकवा, मळमळ, थोडे पोटात दुखणे असते. गुण आला की नाही, हे दोन-तीन महिन्यांनी स्कॅनवर कळते.

सांभाळायचे एवढेच : डॉक्टर सांगतील तितके दिवस तान्ह्या मुलांना कुशीत घेऊन झोपायचे नाही, गरोदर बाईने फार वेळ चिकटून बसायचे नाही. पहिल्या दिवशी लघवीनंतर हात नीट धुवायचे. एका खोलीच्या घरात झोपायची व्यवस्था कशी करावी, हेही डॉक्टरांना विचारा, लाजू नका.

सासूबाईंना हे वाचून दाखवा.