एफ-२ मोकळी करा
हातोटी : ‘रेषाकार’

रे रोड स्टेशनातून बाहेर पडून दारूखान्याकडे वळलं की कापलेल्या लोखंडाचा वास येतो. इथल्या लेथवाल्याचं टूल दुसऱ्याने उचललेलं त्याला खपत नाही. धार त्याने लावलेली असते. जवळच्याच एका गाळ्यात फ्लेक्सचं डिझाइन करणारा मुलगा मात्र मला म्हणाला, ‘‘सेटिंगला हात लावायचा नाही, मालकांनी सांगितलंय.’’

गणपतीला पंधरा दिवस होते. लालबाग, चिंचपोकळीच्या मंडळांचे बॅनर दोन शिफ्टमध्ये चालले होते. एका बॅनरवर कार्याध्यक्षांपासून शुभेच्छुकांपर्यंत वीस-पंचवीस चेहरे. प्रत्येक फोटो कापायचा, कंट्रोल-टी दाबून मापात आणायचा, आणि कडेच्या माणसाने बाप्पाकडे बघावं म्हणून तो आडवा उलटवायचा. या उलटवण्याला फोटोशॉपने कळच दिलेली नाही. एडिट, ट्रान्सफॉर्म, फ्लिप हॉरिझॉन्टल, असं दरवेळी मेनूत उतरायचं. प्रूफ व्हॉट्सॲपवर धाडायचं तर ‘सेव्ह फॉर वेब’, म्हणजे कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि एस, चार कळा एकदम. कार्यकर्ते एका नावाच्या वेलांटीसाठी पुन्हा प्रूफ मागतात. मध्यरात्रीपर्यंत त्या मुलाचं मनगट भरून आलं होतं.

इलाज तिथेच, एडिट मेनूच्या तळाशी आहे : कीबोर्ड शॉर्टकट्स. विंडोजवर एफ-२, एफ-३, एफ-४ या कळा मुळातच कट, कॉपी, पेस्टला दिलेल्या असतात. ती कामं कंट्रोलसोबत एक्स, सी, व्ही दाबून सगळेच करतात, म्हणजे या तीन कळा नुसत्या अडून बसलेल्या. आम्ही एफ-२ फ्लिपला दिली, एफ-३ सेव्ह फॉर वेबला. दहा मिनिटं लागली. संच वेगळ्या नावाने जतन केला. मूळ संच जागेवरच राहतो. दुसऱ्या शिफ्टवाल्याने यादीतून तो निवडला की झालं. मालकांची भीती एवढ्यात मिटते.

सगळंच बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. कट, कॉपी, पेस्टची कल्पना लॅरी टेस्लर यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात घडवली. आज त्या कळा साऱ्या दुकानांची समाईक भाषा आहेत. त्या मोडल्या तर उद्या दुसऱ्या गाळ्यात नोकरी धरताना आपलीच बोटं अडखळतील. ऑक्टोबर २०१८ मध्ये फोटोशॉपनेच कंट्रोल-झेडची जुनी रीत बदलली, तेव्हा किती जुन्या ऑपरेटरांचे हात चुकले! जुनी रीत परत आणायची खूण कंपनीला कीबोर्ड शॉर्टकट्सच्या याच चौकटीत ठेवावी लागली.

मराठी डीटीपीवाल्यांना हे नवं नाही. ‘श्रीलिपी’ या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कळफलक निवडता येतो. ज्याची बोटं टाइपरायटरवर घडली तो टाइपरायटरचाच घेतो, आणि त्याला कोणी अडवत नाही. मग फोटोच्या कामातच अडवणूक का?

गाळेमालकांनो, यंदा ऑर्डरींची गर्दी सुरू होण्याआधी प्रत्येक ऑपरेटरला अर्धा तास द्या. त्याच्या नावाचा संच त्याला बनवू द्या, आणि नोकरी सोडताना ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जाऊ द्या. ते त्याचं हत्यार आहे.