काजव्यांची जत्रा भरते, पण रिंगरोडवर उजेड कुणाचा?

भंडारदरा परिसर : मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की शेंडी, मुतखेल, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी या गावांचे दिवस बदलतात. दिवसभर सामसूम असते आणि संध्याकाळी पाचनंतर गाड्यांची रांग लागते. मुंबई, नाशिक, पुणे, संगमनेर, कुठून कुठून माणसं येतात. सोबत लहान पोरं, आजी-आजोबा, डब्यात पुऱ्या. सगळ्यांना एकच गोष्ट बघायची असते, ती म्हणजे काजवे.

जाहिरातीत याला 'काजवा महोत्सव' म्हणतात. खरं तर काजव्यांना ना मांडव लागतो ना स्टेज. वळवाचे एक-दोन पाऊस झाले, हवेत दमटपणा आला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो ठिपके एका तालात लुकलुकायला लागतात. जूनच्या मध्यापर्यंत हा खेळ चालतो. मोठा पाऊस लागला की संपतो. म्हणजे सारा हंगाम तीन-चार आठवड्यांचा, त्यातही कमाईचे शनिवार-रविवार तीन किंवा चार. या मोजक्या रात्रींवर इथल्या बऱ्याच घरांचं पावसाळ्यापूर्वीचं गणित बसलेलं आहे, म्हणूनच हा विषय नुसता फिरण्याचा राहिलेला नाही.

काजवा दिव्यासारखा का पेटतो, हे समजलं तर पुढचा सगळा वाद समजतो. काजवा हा माशी नाही, भुंग्याच्या जातीचा किडा आहे. अंड्यातून निघालेली अळी बरेच महिने मातीत, पालापाचोळ्याखाली राहते. गोगलगायी आणि गांडुळासारखे जीव खाऊन वाढते. पंख फुटल्यावर त्याच्याकडे उरतात फक्त दोन-तीन आठवडे. त्या दिवसांत तो खाण्यापिण्याच्या फारसा मागे नसतो, त्याला जोडीदार शोधायचा असतो. नर चमकून इशारा देतो, मादी उत्तर देते. अंधार हीच त्यांची भाषा. त्या अंधारात हेडलाइटचा झोत पडला की एकाचा इशारा दुसऱ्याला दिसत नाही. जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, अंडी नाहीत तर पुढच्या वर्षी त्या झाडावर ठिपकेही कमी.

जगभरातल्या काजवा-अभ्यासकांना धोक्यांबद्दल विचारून 2020 साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या तीन धोक्यांमध्ये राहण्याची जागा नष्ट होणे, रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं यांची नावं होती. तिन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत. रस्त्याकडेचा पालापाचोळा वणव्यात जळतो, कॅम्पसाठी जागा सपाट होते, आणि उजेडाचं तर विचारूच नका.

हिशोब साधा आहे. समजा एका शनिवारी 300 गाड्या रिंगरोडवर आल्या. 300 गाड्या म्हणजे 600 हेडलाइट. एका गाडीला 6 मीटर जागा धरली तरी एकामागे एक उभ्या राहिल्या तर जवळजवळ 2 किलोमीटरची रांग होते. धरणाला वळसा घालणारा हा रस्ता अरुंद, वळणावळणाचा. एक गाडी मध्येच थांबून पोरांना झाड दाखवायला लागली की मागची गाडी पुढं सरकत नाही, मग हॉर्न, मग बाचाबाची. त्याच वेळी उडदावणे किंवा साम्रदच्या वाडीतून बाळंतपणाची किंवा सर्पदंशाची केस राजूरकडे न्यायची निघाली तर काय करायचं? पावसाळ्याच्या तोंडावर साप बाहेर पडतात, हे गावच्या माणसाला सांगायला नको. पाहुण्यांना मात्र सांगावं लागतं, कारण ते चपला घालून गवतात शिरतात.

हा बहुतेक भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाच्या नाक्यावर पावती फाडली जाते, प्रवेशाच्या वेळेच्या, मोठ्या आवाजाच्या, दारूच्या, झाडाजवळ न जाण्याच्या सूचना लागतात. पर्यावरणवाले दर हंगामात महोत्सव बंद करा म्हणतात, पर्यटनवाले वाढवा म्हणतात. गावं या दोघांच्या मधे. खरी अडचण सूचनांची नाहीच. सूचना पाटीवर असतात आणि गर्दी रात्रीच्या अंधारात पसरलेली असते. हाताच्या बोटावर मोजता येतील एवढ्या वनरक्षकांनी चाळीस-एक किलोमीटरच्या रस्त्यावर कुणाकुणाला दिवे बंद करायला सांगायचं?

पैसा कुठे थांबतो

बंद करा म्हणणं सोपं आहे. पण या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती मोठी. भात हे मुख्य पीक, तेही पावसावर. धरण दाराशी, 1926 साली बांधून झालेलं, 11 टीएमसीचं. पाणी मात्र प्रवरेतून खाली जातं आणि वरच्या वाड्यांच्या विहिरी मे महिन्यात तळाला लागतात. उन्हाळ्यात हाताला काम नसतं. हिरडा गोळा करून थोडे पैसे येतात, बाकी रोजगारासाठी घोटी, नारायणगाव, नाशिक गाठावं लागतं. अशा वेळी अंगणात चार टेंट लावून, पिठलं-तांदळाची भाकरी नाहीतर गावरान कोंबडीचं जेवण देऊन घरीच दोन पैसे मिळत असतील तर ते कुणी का सोडावेत? हिरड्याचं झाड तर इथे दोन वेळा कमावून देतं, एकदा फळावर आणि एकदा काजव्यांवर.

फरक पडतो तो धंदा कुणाचा आहे यावर. घरच्या माणसाचा टेंट असेल तर जेवण, राहणं, वाटाड्या असे सगळे पैसे गावात राहतात. बाहेरच्या माणसाने जागा भाड्याने घेऊन मोठा कॅम्प टाकला की गावाला जागेचं भाडं आणि चार पोरांची मजुरी. बुकिंग शहरातून, सामान शहरातून, कचरा तेवढा गावात. पाण्याचंही तसंच. वाडीवर हंड्यासाठी रांग असताना कॅम्पच्या बाथरूमला पाणी कुठून येतं, हा प्रश्न कधीतरी ग्रामसभेत विचारावाच लागेल.

आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. काजव्यांचे दिवस आणि भाताच्या तयारीचे दिवस एकच. रोहिणी-मृगाच्या सुमाराला रोपासाठी राबाची जमीन तयार हवी, बी टाकायचं असतं. रात्री दोनपर्यंत पाहुण्यांच्या मागे आणि पहाटे औत धरायचं. घरातल्या बायांचं तर विचारायला नको. भाकऱ्या त्याच थापतात, पाणी त्याच आणतात, शेतावरही त्याच. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये रंधा धबधबा, धरणातून पाणी सोडलं की अंब्रेला फॉल, पंधरा ऑगस्टची सुट्टी, आणि नेमकी तेव्हाच लावणीची घाई. पर्यटनाचा पैसा लागतोय, पण तो शेतीच्या वेळेतून कापून मिळतोय.

कासला जमलं ते इथे?

साताऱ्याजवळच्या कास पठारावर हाच घोळ झाला होता. 2012 साली जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव आलं आणि फुलांपेक्षा गाड्या जास्त झाल्या. पुढे आजूबाजूच्या गावांच्या वन समित्यांकडे व्यवस्था आली, ऑनलाइन बुकिंग सुरू झालं, दिवसाला 3 हजार पर्यटकांची मर्यादा ठरली, गाड्या लांब उभ्या करून पुढे बसने नेण्याची पद्धत आली. सगळं आलबेल झालं असं नाही. पठाराला घातलेलं तारेचं कुंपण, त्यामुळे थांबलेली गुरांची चराई आणि फुलांवर झालेला परिणाम यावर बराच वाद झाला. तरीही आकडा ठरवता येतो आणि गावाला पावतीचा वाटा मिळू शकतो, एवढं तिथे दिसलं. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतातही काजवे बघायला लोक उलटतात, तिथे तर चक्क लॉटरी काढून गाड्यांचे पास देतात.

भंडारदऱ्याला अडचण अशी की कासला पठार एक आहे, इथे झाडं रस्ताभर आहेत आणि वाटा दोन्हीकडून. तरी शेंडीला आणि दुसऱ्या बाजूला गाड्या थांबवून, गावातल्याच जीपगाड्यांनी दिवे मंद ठेवून पाहुणे पुढे नेता येतील. भाडं गावातल्या गाडीवाल्याला मिळेल, 600 हेडलाइटचे 60 होतील आणि रस्ता रुग्णवाहिकेला मोकळा राहील. गर्दीच्या दोन-तीन शनिवारी रिंगरोड एकेरी करता येईल. यातलं बरंच काही पेसा गावांच्या ग्रामसभा ठराव करून वन विभाग आणि पोलिसांपुढे ठेवू शकतात. प्रश्न एकाच गावाने थांबवायचं ठरवलं आणि शेजारच्याने सोडलं तर काय, हा आहे. म्हणून सगळ्या गावांना एकत्र बसावं लागेल, आणि ते मेमध्ये नाही, तर भात काढून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. मेमध्ये प्रत्येकाचा टेंट लागलेला असतो.

कुटुंब घेऊन येणाऱ्यांनीही थोडं ऐकायला हवं. शनिवारऐवजी मधला वार धरा, चांदणं नसलेली रात्र बघा, अंधार पडण्याआधी मुक्कामी पोचा. टॉर्चला लाल कागद गुंडाळा, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. तसाही मोबाइलमध्ये काजवा येत नाही, काळा फोटो येतो. पोरांनी बाटलीत काजवे भरायचा हट्ट धरला तर नाही म्हणा. पायात बूट असू द्या. आणि जेवण गावातल्या घरी सांगा, तेही सकाळीच फोन करून, म्हणजे त्या घरच्या बाईला रात्री दहाला चूल पेटवावी लागणार नाही.


जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात टेंट गुंडाळले जातील, रस्त्याकडेच्या बाटल्या आणि कुरकुऱ्याची पाकिटं पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यातून धरणात उतरतील. त्याच मातीत यंदाची अंडी असतील. ती किती, ते पुढच्या मे महिन्यात झाडांवर दिसेल.