नट काढला, तरी पंखा निघेना!

मुलांनो, धंतोलीतल्या आमच्या घरी दरवर्षी मार्चअखेर एक सोहळा असतो. झाकून ठेवलेला कूलर बाहेर काढण्याचा! नागपूरच्या मुलांना तो काही सांगायला नको. नव्या ताट्या, टाकीला रंग, मोटारीला तेल... काही वर्षांपूर्वी मी उत्साहाच्या भरात त्याचा पंखाही काढायला गेलो. दांड्यावरचा बारीक स्क्रू सैल केला, तरी पंखा हलेना. गंज चढला होता. मग घेतला हातोडा. दोन ठोके घातले. पंखा निघाला खरा, पण मोटारीचा दांडा वाकला. तो अख्खा उन्हाळा कूलर म्हशीसारखा हंबरत होता, आणि आईनं ते मला रोज जेवताना ऐकवलं.

हे सगळं आठवलं ते थेट आंजर्ल्याच्या खाडीकाठी. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला मी दापोलीकडे गेलो होतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मासळीच्या विणीचे दिवस असतात, म्हणून जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हर्णै बंदरातल्या कितीतरी नौका तेव्हा आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला येतात. नौका शाकारायच्या आधी डागडुजीची घाई चाललेली. एका नौकेच्या पंख्याचं एक पातं वाकलं होतं, म्हणून मिस्त्री तो उतरवत होते.

पंखा म्हणजे प्रोपेलर. आपल्या तलावातल्या छोट्या मोटारबोटीला इंजिन मागे बाहेर टांगलेलं दिसतं. या नौकांचं इंजिन मात्र पोटात असतं. तिथून एक लांब लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, तळाच्या नळीतून बाहेर पाण्यात येतो आणि त्याच्या टोकाला पंखा बसवलेला असतो. पाणी कापत तो पुढे सरकतो, जसा लाकडात स्क्रू जातो ना, अगदी तसा. पंख्याच्या तुंब्यावर दोन आकडे कोरलेले असतात. समजा २४ आणि १६ असतील, तर पंखा २४ इंच व्यासाचा, आणि पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर एका फेऱ्यात १६ इंच पुढे गेला असता. पाणी घट्ट नसतं, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमीच जातो. पातं वाकलं की हा सारा हिशेब चुकतो आणि नौका थरथरते.

मी परत आलो आणि वर्गात हे सांगायला लागलो, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, नट काढला तर पंखा आपोआप निघून येईन ना?"

नाही ना निघत! घरी स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले, की आईची कशी तारांबळ उडते? तिथे कुठे नट असतो? पेला खाली निमुळता असतो, म्हणून एक दुसऱ्यात घट्ट रुततो. शाफ्टचं टोकही असंच निमुळतं असतं आणि पंख्याचं भोकही त्याच मापाचं. खरी पकड या निमुळत्या भागाची.

म्हणून मिस्त्रींनी हातोडा लांब ठेवला. ठोका बसला तर तो शाफ्टमधून थेट आतल्या गिअरबॉक्सला पोचतो. त्यांनी आधी इंजिनाची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. मग पिन काढली, नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही! तुंब्यामागे पुलर नावाचं ओढयंत्र लावलं. त्याचा बोल्ट शाफ्टच्या टोकाला रेटतो आणि पंख्याला सगळीकडून सारखा ओढतो. एकेक आटा आवळत गेले. बराच वेळ काहीच नाही. आणि एकदम, धाड! मी दोन पावलं मागे उडालो. पंखा सुटला होता, पण नटाला अडकून तिथेच राहिला. नट आधीच काढला असता, तर ते धूड कुणाच्या तरी पायावर आलं असतं.

बसवण्याचं काम मला जास्त आवडलं. शाफ्टवर एक खाच असते, तिच्यात लोखंडाची छोटी पट्टी बसते. कारागीर तिला 'की' म्हणतात. चावीच, पण कुलपाची नव्हे बरं का! मिस्त्रींनी ती बाजूला ठेवली आणि सरळ केलेला पंखा नुसताच शाफ्टवर घट्ट सारला. तो जिथवर आला तिथे खडूनं रेघ मारली. मग पंखा काढला, की बसवली आणि पुन्हा सारला. रेघेपासून नखभर अलीकडेच अडला!

"आवळा ना नट, येईल पुढे," मी शहाणपणा केला.

"मास्तर, की उंच आहे. पंखा तिच्यावर चढून बसलाय. हाताला घट्ट लागतो, पण आतून पकड नाही."

त्यांनी की कानशीनं घासली, पुन्हा लावून पाहिली, पुन्हा घासली. तिसऱ्या वेळी पंखा बरोबर रेघेवर आला. तेव्हा कुठे नट आवळला आणि नवी कोरी पिन घातली. जुनी पिन चांगली दिसत होती, पण एकदा वाकवून सरळ केलेली पिन ते पुन्हा वापरत नाहीत.

तो मागच्या बाकावरचा पठ्ठ्या एवढ्यावर गप्प बसणारा नव्हता. "मग सर, नट लागतेच कायले?"

प्रश्न अगदी बरोबर होता. नौका पुढे जाते तेव्हा पाण्याचा रेटा पंख्याला शाफ्टवर आणखी घट्ट दाबतो. पण ती मागे घ्यायची असते, तेव्हा पंखा उलटा फिरतो आणि शाफ्टवरून सुटून मागे पळू पाहतो. त्या वेळी पकड खोटी असेल, तर सगळा भार एकट्या नटावर. तोही सुटला, तर पंखा समुद्राच्या तळाशी आणि तांडेल, खलाशी इंजिन चालू असूनही लाटांवर वाहत चाललेले. मिस्त्री स्वतः मासेमारीला जात नाहीत. पण त्या नौकेचा तांडेल सकाळपासून शेजारी उकिडवा बसून ती खडूची रेघ बघत होता.