दोन हजारांचा डीव्हीडी प्लेअर : तुमचे अनुभव

घरात घेतलेल्या वस्तूंबद्दल वाचकांनी दोन ओळी लिहून कळवाव्यात, असे या सदरातून आम्ही वरचेवर म्हणतो. मिक्सरला आणि इस्त्रीला आली नव्हती तेवढी पत्रे या वेळी डीव्हीडी प्लेअरला आली. बहुतेकांनी तो ईदच्या आसपास घेतलेला, किंमत दीड ते अडीच हजारांच्या दरम्यान. कौतुक आणि तक्रार एकाच पत्रात, पुष्कळदा एकाच वाक्यात. "काहीही टाका, चालवतो. पण दीड वर्षात तिसऱ्यांदा दुकानात नेला," असे मिरजेच्या एका भगिनींनी लिहिले आहे, आणि बाकीच्या पत्रांचा सूरही साधारण तोच आहे.

"काहीही टाका, चालवतो" हे आधी बघू. १९९६ साली जपानमध्ये पहिले डीव्हीडी प्लेअर बाजारात आले तेव्हा ती श्रीमंतांची वस्तू होती. आज आतले जवळजवळ सगळे काम एकच चिप करते. ती चिप घाऊक भावात मिळते, आणि खोक्यावर नाव कुठलेही असले तरी आतला माल बऱ्याचदा सारखाच असतो. म्हणून दोन हजारांचे यंत्र व्हीसीडी लावते, एमपीथ्री लावते, पेन ड्राइव्ह घेते, ओरखडे पडलेली डिस्कही अडखळत का होईना पुढे नेते. कोल्हापूरच्या एका बंधूंनी लिहिले आहे की त्यांच्या भावाकडचा महागडा प्लेअर जी डिस्क बाहेर फेकतो ती यांचा स्वस्त प्लेअर मुकाट्याने लावतो. यात नवल काही नाही. आपल्या एकवीस इंची जुन्या टीव्हीवर तर दोन्हींच्या चित्रात फरक दिसणेही कठीण. मागच्या बाजूला आवाजासाठी सहा-सहा भोके आहेत म्हणून कुणी तीनशे रुपये जास्त मागत असेल तर देऊ नका. घरात सहा स्पीकर नसतील तर पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरींवर काम भागते.

आखातातून किंवा हजहून आणलेल्या डिस्कबद्दल बरीच पत्रे आहेत. "मक्केतल्या दुकानातून घेतलेली डिस्क घरी लागत नाही, डुप्लिकेट दिली का?" असे विचारणे आहे. बहुतेक वेळा डिस्क अस्सलच असते. डीव्हीडी काढणाऱ्या कंपन्यांनी जगाचे विभाग पाडून प्रत्येकाला आकडा दिला आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश पाच नंबरात. सौदी, कुवेत, दुबई, कतार हे सगळे दोनात. अमेरिका एकात. पाच नंबरावर कुलूप लावलेला प्लेअर दोन नंबरची डिस्क नाकारतो, टीव्हीवर सूचना येते आणि संपले. डिस्कच्या वेष्टनामागे पृथ्वीच्या गोलाचे छोटे चित्र असते, त्यातला आकडा बघा. "ऑल" लिहिले असेल तर चिंता नाही. इथे स्वस्त प्लेअर उजवा ठरतो, कारण त्यातल्या बऱ्याच यंत्रांत हे कुलूप नसतेच. ज्यांच्या घरचे माणूस आखातात आहे त्यांनी दुकानात जाताना तिकडची एखादी डिस्क पिशवीत न्यावी आणि समोर लावून बघावी. अमेरिकेहून आलेली डिस्क लागली पण चित्र काळेपांढरे दिसते, अशी एक तक्रार आहे. तिकडची टीव्हीची पद्धत वेगळी आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये "पाल" निवडले की बहुतेक वेळा रंग येतात.

आता ज्या पत्रासाठी हा विषय या महिन्यात घेतला ते पत्र. दापोली तालुक्यातल्या एका भगिनींचे यजमान कुवेतला नोकरीला आहेत. तीन वर्षे घरी येणे झाले नाही. त्यांनी मित्राच्या कॅमेऱ्यावर स्वतःचे अर्ध्या तासाचे चित्रण केले, राहण्याची खोली दाखवली, मुलांशी नाव घेऊन बोलले, आणि ती छोटी डिस्क गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली. प्लेअरमध्ये घातली तर "नो डिस्क". दुकानदार म्हणाला, "भाभी, मशीन गेली, नवीन घ्या." आधी त्याने लेन्स साफ करायची डिस्क विकली, मग दुरुस्तीचे पैसे घेतले. बाकीच्या सगळ्या डिस्क लागत होत्या, तरीही. सासूबाई रोज विचारतात, डिस्क लागली का, म्हणून.

भगिनी, तुमचा प्लेअर ठीक आहे. कॅमेऱ्यात घालायची ती आठ सेंटिमीटरची डिस्क असते. तिच्यावर चित्रण झाले तरी शेवटी एक काम उरते. कॅमेऱ्याच्या यादीत "फायनलाइज" असा पर्याय असतो. तो दाबला की कॅमेरा डिस्कवर अनुक्रमणिका लिहितो. ते होईपर्यंत दुसऱ्या यंत्राला ती डिस्क कोरी किंवा अनोळखी दिसते. चित्रण तिच्यावर आहे, पुसलेले नाही. पुन्हा कुणी तिकडे जाईल त्याच्याबरोबर डिस्क परत पाठवा आणि यजमानांना फोनवर हा शब्द सांगा. ज्या कॅमेऱ्यात चित्रण झाले त्यातच हे काम खात्रीने होते. तेवढे थांबणे शक्य नसेल तर तालुक्याला लग्नाचे चित्रण करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाकडे संगणकावर प्रयत्न करता येतो. काही सॉफ्टवेअर अशा अर्धवट डिस्कमधून चित्रण बाहेर काढतात. मात्र "फॉरमॅट करून बघतो" असे कुणी म्हटले तर डिस्क हातातून काढून घ्या, कारण त्याने सगळे जाईल. आणि प्लेअरच्या ट्रेमध्ये मधोमध लहान गोल खळगा असतो, छोटी डिस्क त्यातच बसवायची. ज्या यंत्रात डिस्क फटीतून ओढली जाते त्यात ती कधीही घालू नका, आत अडकते.

निकाह-वलीम्याच्या डिस्कची तक्रार वेगळी आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीची डीव्हीडी पहिला तासभर बरी चालते आणि रुख्सतीला येऊन थिजते. एका पत्रात तर त्याच भागात मुलीच्या आजोबांचे शेवटचे चित्रण आहे, आज ते हयात नाहीत. डिस्कवर लिखाण आतल्या बाजूकडून बाहेरच्या कडेकडे होत जाते, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट कडेशी येतो. बोटे लागतात ती कडेला, आणि हलक्या कोऱ्या डिस्क खराब होतात त्याही बहुधा कडेकडूनच. त्यात फोटोग्राफर नवरानवरीचा फोटो छापलेला कागद वर चिकटवून देतात. दिसायला छान, पण डिस्क वेगाने फिरताना तो तिचा तोल बिघडवतो आणि यंत्रातल्या उष्णतेने कागद आक्रसतो. चिकटवलेला कागद आता ओढून काढू नका, त्याबरोबर चकाकी निघून येईल. ती डिस्क चांगल्या संगणकावर एकदा पूर्ण उतरवून घ्या आणि नव्या डिस्कवर काढून ठेवा. घरच्या प्लेअरवर थिजणारी डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये पुष्कळदा पूर्ण वाचली जाते. पुढच्या लग्नाला फोटोग्राफरला आधीच सांगा की कागद नको, वर मार्करने नाव लिही, आणि एक प्रत संगणकावर राहू दे. तो हसेल, हसू दे.

नव्वद टक्के दुकानदार कुठल्याही रोगाला "लेन्स गेली" म्हणतात, असे पुण्याच्या एका बंधूंनी चिडून लिहिले आहे. आकडा त्यांचा, पण राग खरा आहे. थोडे स्वतः तपासता येते. प्लेअर व्हीसीडी आणि डीव्हीडी वेगवेगळ्या लेझर किरणांनी वाचतो, लेन्स मात्र एकच असते. त्यामुळे घरातल्या व्हीसीडी सगळ्या लागतात आणि डीव्हीडी एकही लागत नाही, किंवा उलट, असे झाले तर त्यातला एक लेझर थकला असे समजावे. मग तो भाग बदलावाच लागतो. याच बंधूंना तपकीर गल्लीत तो साडेतीनशे रुपयांत बदलून मिळाला. दोन्ही प्रकार अडखळत असतील तर आधी लेन्सवरची घाण हा संशय घ्या. गुरुवारी घरात लोबान फिरवतात, त्याच खोलीत प्लेअर उघड्या कपाटात असतो. धूर जाऊन लेन्सवर पातळ थर बसतो. सिगारेटचेही तेच. कापसाच्या काडीला औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावून, न दाबता, हलक्या हाताने पुसतात. एका वाचकाने अत्तराने पुसल्याचे लिहिले आहे. अत्तर तेलकट असते, खोली घमघमली असेल, लेन्स मात्र आणखी आंधळी झाली असणार. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि झाकण उघडे ठेवून यंत्र सुरू करून लेन्सकडे टक लावून तर मुळीच पाहू नका. मुलांना जवळ येऊ देऊ नका. डिस्क पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसले तर पडणारा ओरखडा लिखाणाच्या रेषेवरूनच जातो, आणि तसा ओरखडा यंत्राला सावरता येत नाही.

ट्रे बाहेर येत नसेल तर आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो, तो अगदी थोड्या पैशांत बदलतो. लाल दिवा लुकलुकतो, आतून टिकटिक आवाज येतो आणि यंत्र चालू होत नाही, हे लोडशेडिंगवाल्या गावांतून आलेल्या पत्रांत जास्त आहे. वीज येते तेव्हा दाब कधी कमी कधी जास्त असतो, आणि वीजपुरवठ्याच्या पट्टीवरचे कपॅसिटर फुगतात. हीदेखील छोटी दुरुस्ती आहे, चांगला टीव्ही मेकॅनिक अर्ध्या तासात करतो. वीज गेली की प्लग काढून ठेवायचा, आल्यावर पाच मिनिटांनी लावायचा. रिमोटने बंद करून भागत नाही, लाल दिवा जळतो तोवर आत वीज खेळत असते.

बिलाबद्दल मात्र पत्रे वाचून वाईट वाटले. वर्षाची वॉरंटी म्हणून यंत्र घेतले, आणि हातात काय, तर वहीच्या पानावर रक्कम आणि दुकानदाराची सही. यंत्राचा नंबर नाही, तारीख नाही. चार महिन्यांत बिघडले की "लेन्सला वॉरंटी नसते" असे तोंडी सांगून परत पाठवतात. छापील बिल मागा, त्यावर यंत्राच्या पाठीमागचा नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारूनच दुकानातून निघा. बिलावर कर लागेल म्हणून शंभर-दीडशे वाचवू नका. ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वकील लावण्याची सक्ती नाही. दोन हजारांसाठी कोण एवढे करणार, असे आपण म्हणतो, आणि दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते. बहुतेक वेळा आधी लेखी पत्र दिले तरी काम होते. फक्त बिल हवे.

शेवटचे पत्र मालेगावहून आहे. घरच्या दादीला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, म्हणून नातवाने तीसही पारे एमपीथ्री करून एका डिस्कवर घालून दिले. दादी रोज एक ऐकतात. तक्रार अशी की पहिल्यानंतर दुसरा न लागता दहावा लागतो, आणि वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याचा इलाज सोपा आहे. यंत्र नावे अक्षर बघून लावते, म्हणून एकच्या मागे दहा, अकरा येतात आणि दोन नंतर. नातवाने फाइलींना ०१, ०२ अशी दोन आकडी नावे देऊन डिस्क नव्याने काढावी. दुसऱ्याला स्वस्त यंत्रात इलाज नाही, त्याला आठवण राहत नाही. रोज ऐकून झालेला आकडा कॅलेंडरवर लिहावा आणि दुसऱ्या दिवशी रिमोटवर पुढचा आकडा दाबावा. दादींना रिमोटची बटणे दिसत नसतील तर पाचाच्या बटणावर कुंकवाच्या टिकलीएवढा चिकटपट्टीचा तुकडा लावा, बाकीचे आकडे बोटाने सापडतात.

पुढच्या महिन्यात इन्व्हर्टर. पत्रात किंमत, घेतल्याचा महिना आणि बॅटरीत पाणी किती दिवसांनी घालता ते जरूर लिहा.